क्वालिटेटिव्ह घेतलंय, पण त्यातलं नेमकं कुठलं? नर्सिंगच्या डिझर्टेशनसाठी अप्रोच निवडताना

दरवर्षी एमएस्सी नर्सिंगच्या डिझर्टेशनची (प्रबंधाची) सिनॉप्सिस, म्हणजे आराखडा, द्यायची तारीख जवळ आली की माझ्या फोनवर एकच मेसेज वेगवेगळ्या नंबरांवरून येतो. "मॅडम, क्वालिटेटिव्ह घेतलंय, फिनॉमिनॉलॉजी टाकू का?" टाकू का म्हणजे जसा काही आमटीत गूळ टाकायचाय. (क्वालिटेटिव्ह म्हणजे आकडे न मोजता लोकांच्या बोलण्या-वागण्यातून शोधणं, आणि फिनॉमिनॉलॉजी हा त्यातला एक अप्रोच, म्हणजे अभ्यासाची एक वाट.) मी उलट विचारते की बाई तुझा प्रश्न काय आहे, तर उत्तर येतं, "डायलिसिसचे पेशंट." अगं तो टॉपिक झाला, प्रश्न कुठाय? मग दोन निळ्या टिक आणि शांतता.

म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच ठेवावं, पुढच्या वेळी हेच पाठवून मोकळी. मी नाशिकमध्येच शिकले, इथंच शिकवते, आणि आरोग्य विद्यापीठ आपल्या म्हसरूळला असल्यामुळे इथल्या पोरापोरींना उगाच वाटतं की दिंडोरी रोडवरून चार वेळा गेलं की रिसर्च आपोआप अंगात शिरतो. तसं असतं तर माझं एवढं हसं झालं नसतं.

ते हसं आधी सांगते. माझं स्वतःचं एमएस्सीचं डिझर्टेशन डायलिसिसच्या पेशंटवर होतं आणि टायटलमध्ये ठळक अक्षरात फिनॉमिनॉलॉजिकल स्टडी असं लिहिलेलं, कारण आमच्या सीनियरने तसं लिहिलं होतं आणि तिच्या सीनियरनेही. माझ्याकडे अठरा प्रश्नांचा कागद होता. पाणी कमी प्यायला सांगितलंय का, त्रास होतो का, घरचे मदत करतात का, खर्च कोण करतं. एक इंटरव्ह्यू दहा-बारा मिनिटांत उरकायचा, कारण पेशंट पण हो-नाही करून मोकळा व्हायचा. शेवटी थीम, म्हणजे उत्तरांतून निघणारे मुख्य मुद्दे, काय निघाल्या, तर शारीरिक समस्या, मानसिक समस्या, सामाजिक समस्या, आर्थिक समस्या. या चार थीम एकाही पेशंटला न भेटता घरी बसून लिहिता आल्या असत्या. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या एक्स्टर्नल सरांनी शांतपणे विचारलं, "हुसर्ल का हायडेगर?" आणि मी ब्लँक. मला खरंच वाटलं ही दोन सॉफ्टवेअरची नावं आहेत. पास झाले, सर भले माणूस होते, पण घरी येताना रिक्षात रडले ते अजून आठवतंय.

तर मुद्द्यावर.

सगळ्यात आधी हे तपासा की क्वालिटेटिव्ह घेताय ते कशासाठी. स्टॅटिस्टिक्स नको म्हणून घेत असाल तर आत्ताच माघारी फिरा. एका तासाच्या मराठी रेकॉर्डिंगचं ट्रान्सक्रिप्ट हाताने लिहायला मला पाच-सहा तास लागायचे, त्यात मागे मशीनची टिवटिव आणि शेजारच्या बेडवरच्या आजींचा खोकला. दोन सरासरींतला फरक तपासणारी टी टेस्ट त्यापेक्षा शंभर पट सोपी, ती तर कुणीतरी करून पण देतं. आणि तुमच्या प्रश्नात किती जणांना, कुणात जास्त, शिकवण्याआधी आणि नंतर फरक पडला का, असे शब्द असतील तर तो प्रश्न आकड्यांचा आहे, त्याला ओढूनताणून क्वालिटेटिव्ह करू नका.

आता प्रश्न एका ओळीत लिहा. मराठीतच लिहा, इंग्रजीत लिहिलं की एक्सप्लोर, अंडरस्टँड, लिव्ह्ड एक्सपीरियन्स असले जड शब्द येऊन बसतात आणि आत काय आहे ते दिसत नाही. मराठीत लिहिलं की लगेच उघडं पडतं. "कसं असतं ते" विचारताय का "हे लोक हे करायला कसे शिकतात" विचारताय का "इथं काय रीत आहे" विचारताय का "काय अडचणी आहेत आणि काय हवंय" विचारताय, हे चार प्रश्न दिसायला सारखे आणि रस्ते चार दिशांना. सीबीएस बस स्टँडवर उभं राहून नुसतं बस कधी आहे विचारल्यावर कंट्रोलर कुठली म्हणून ओरडतो ना, तसंच.

एकच उदाहरण घेऊन सगळे अप्रोच दाखवते. माझंच डायलिसिसचं घेऊ, त्यातली पण फक्त तहान. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, किडनी काम करत नाही म्हणजे प्यायलेलं पाणी अंगातच साठतं, मग डॉक्टर दिवसाचं माप ठरवून देतात, आणि त्या मापात चहा, ताक, आमटी सगळं आलं. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये. निफाडकडचे एक काका यायचे, त्यांच्या सुनेने स्टीलच्या तांब्यावर लाल नेलपॉलिशने रेघ मारून दिली होती, सकाळी रेघेपर्यंत भरायचा आणि दिवसभर तेवढाच. चहा ते बशीत ओतून प्यायचे, म्हणायचे बशीत जास्त वाटतो. हे मला त्यांनी माझ्या अठरा प्रश्नांना उत्तर देताना सांगितलं नव्हतं बरं का. रेकॉर्डर बंद केल्यावर सांगितलं. आणि मी ते कुठे लिहिलं पण नाही, कारण ते कुठल्या प्रश्नाखाली बसत नव्हतं.

फिनॉमिनॉलॉजी, जिच्यामागे सगळे धावतात

तुमचा प्रश्न जर असा असेल की तहान सोबत घेऊन जगणं म्हणजे नेमकं काय असतं, आतून, तर आणि तरच ही घ्या. इथं तुम्हाला अडचणींची यादी नकोय. त्या काकांना बशीतला चहा जास्त का वाटतो, नळाचा आवाज आला की काय होतं, लग्नात सगळ्यांच्या हातात मठ्ठ्याचा ग्लास असताना हात कुठे ठेवायचा, हे हवंय. त्यासाठी माणसं कमी लागतात, सहा ते दहा पुष्कळ झाली, पण वेळ भरपूर लागतो, आणि एकाच माणसाकडे दोनदा जायची तयारी लागते कारण पहिल्या दिवशी माणूस सिस्टरशी बोलतो, दुसऱ्या दिवशी तुमच्याशी. प्रश्न एकच मोठा ठेवायचा. "काका, पाणी प्यावंसं वाटलं आणि प्यायला नाही असा कालचा-परवाचा एखादा प्रसंग सांगा ना." प्रसंग मागा, मत मागू नका. मत मागितलं की लोक डॉक्टरांनी सांगितलेलंच परत सांगतात.

आता तो हुसर्ल-हायडेगरचा घोळ. हे दोघं तत्त्वज्ञ. थोडक्यात असं समजा. हुसर्लची बाजू म्हणते, तुला या विषयाचं जे आधीच माहीत आहे, जे वाटतं, ते बाजूला काढून ठेव आणि समोरचा अनुभव जसा आहे तसा वर्णन कर. याला ब्रॅकेटिंग म्हणतात. हायडेगर, जो त्याचाच एकेकाळचा सहाय्यक, तो म्हणाला बाजूला ठेवणं शक्यच नाही, आपण जगात आधीपासून गुंतलेलेच आहोत, त्यामुळे तुझा अर्थ लावणं हा अभ्यासाचाच भाग आहे. नर्सला हे लगेच कळतं. दहा वर्षं डायलिसिसला ड्यूटी केलेली सिस्टर वजन वाढलेलं बघितल्या बघितल्या मनात म्हणते, पाणी प्यायलेला दिसतोय. हे तिने बाजूला ठेवायचं, का हेच उघड मांडून त्यासकट अर्थ लावायचा? पहिलं करणार असाल तर वर्णनात्मक, आणि मग कोलायझीची १९७८ची सात पायऱ्यांची पद्धत किंवा जिऑर्जीची. दुसरं करणार असाल तर व्हॅन मॅनेनसारखी अर्थ लावणारी वाट. नर्सिंगमधलं पॅट्रिशिया बेनरचं नवख्यापासून तज्ज्ञापर्यंतचं १९८४चं काम सगळ्यांनी थिअरीच्या पेपरला पाठ केलेलं असतं, ते या दुसऱ्या बाजूचं.

गंमत अशी की पोरी मेथडमध्ये हायडेगर लिहितात आणि ॲनालिसिसमध्ये कोलायझी लावतात. सासर एकीकडे आणि आडनाव दुसरीकडे असा प्रकार. अजून एक बारीक गोष्ट, कोलायझीच्या शेवटच्या पायरीत निष्कर्ष घेऊन परत पेशंटकडे जायचं असतं, जिऑर्जीला ते मान्यच नाही. डायलिसिसच्या पेशंटमध्ये तुम्ही परत जाईपर्यंत काही जण नसतात हो. हे कडू आहे पण प्लॅन करताना विचारात घ्यावं लागतं, माझ्या बाबतीत दोन जण नव्हते.

बहुतेकांनी खरं तर हे घ्यावं

आता माझं ठाम मत. दहातल्या सात-आठ एमएस्सीच्या पोरी ज्याला फिनॉमिनॉलॉजी म्हणतात तो साधा क्वालिटेटिव्ह डिस्क्रिप्टिव्ह अभ्यास असतो, आणि तसं सरळ लिहायला काही हरकत नाही. मार्गारेट सँडेलोव्स्की, स्वतः नर्सच, तिने २००० साली यावर लेख लिहिला, की साध्या वर्णनाला कमी का लेखता, आणि जे केलंय त्याला फिनॉमिनॉलॉजी किंवा ग्राउंडेड थिअरीचं भारी नाव का चिकटवता. म्हणजे हा रोग फक्त आपल्याकडचा नाही, जगभरचा.

प्रश्न असा असेल की पाणी कमी प्यायच्या सूचना पाळताना लोकांना घरी, शेतात, एसटीत काय काय अडचणी येतात आणि त्यांना नर्सकडून काय हवंय, तर डिस्क्रिप्टिव्ह घ्या. लोकांनी जे सांगितलं ते त्यांच्या शब्दांच्या जवळ राहून नीट लावून ठेवायचं, त्यातून वॉर्डात लगेच वापरता येईल असं काहीतरी हाती येतं. वेगवेगळ्या प्रकारचे पेशंट मुद्दाम निवडायचे, शहरातला, खेड्यातला, बाई, पुरुष, नवीन, पाच वर्षं झालेला. तत्त्वज्ञानाचं ओझं नाही, पण म्हणून ढिसाळपणा पण नाही, उलट इथं पळवाट नसते, सांगितलंय का नाही एवढंच. मला माझ्या गाइडने त्या वेळी हे एक वाक्य सांगितलं असतं तर रिक्षातलं रडणं वाचलं असतं. पण त्यांना पण कुणी सांगितलं नसणार. पॅनेलला डिस्क्रिप्टिव्ह हा शब्द हलका वाटतो ही खरी अडचण आहे, त्यावर उपाय एवढाच की हा अप्रोच का निवडला आणि दुसरे का नाही हे सिनॉप्सिसमध्ये चार ओळींत लिहून ठेवा. का नाही हे लिहिलेलं असलं की समोरचे गप्प होतात.

ग्राउंडेड थिअरी

ही नर्सिंगच्या घरातच जन्मलेली आहे हे कुणी सांगत नाही. ग्लेझर आणि स्ट्रॉस हे दोघं समाजशास्त्राचे, पण काम करत होते सॅन फ्रान्सिस्कोच्या युनिव्हर्सिटीच्या नर्सिंग स्कूलमध्ये, आणि हॉस्पिटलात मरणाऱ्या पेशंटला काय माहीत असतं, स्टाफ काय लपवतो, याचा अभ्यास करताना त्यांनी ही पद्धत घडवली, १९६७ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. पुढे १९९० मध्ये स्ट्रॉससोबत ज्युलिएट कॉर्बिनने लिहिलं, ती पण नर्स. ग्लेझरला ते पटलं नाही, दोघांची वाट वेगळी झाली, आणि नंतर कॅथी चारमाझची तिसरी वाट आली. तुम्ही कुठल्या वाटेने जाताय हे सांगावं लागतं, नाहीतर परत तोच हुसर्ल-हायडेगर प्रकार.

कधी घ्यायची? जेव्हा प्रश्नात वेळ वाहतोय. डायलिसिस सुरू झाल्यापासून पहिल्या वर्षभरात माणूस तहानेशी जुळवून घ्यायला कसा शिकतो. आधी डॉक्टरांचं ऐकतो, मग चोरून पितो, मग एक दिवस दम लागून इमर्जन्सीत येतो, मग शेजारच्या खुर्चीवरचा जुना पेशंट बर्फाचा खडा चोखायची युक्ती सांगतो, मग तांब्यावर रेघ येते. याचा जर काही क्रम असेल, वळणं असतील, तर ते शोधून शेवटी एक छोटी थिअरी मांडायची. थिअरी मांडायची नसेल तर ही घेऊ नका, नुसतं ओपन कोडिंग, ॲक्सिअल कोडिंग केलं (कोडिंग म्हणजे ट्रान्सक्रिप्टमधल्या तुकड्यांना नावं देऊन ती लावणं) म्हणून ग्राउंडेड थिअरी होत नाही.

आणि हिची मेख अशी की सॅम्पल आधी ठरवता येत नाही. चार इंटरव्ह्यू घ्यायचे, कोडिंग करायचं, त्यातून जे दिसलं त्यावरून पुढचा माणूस कोण हे ठरवायचं. समजा चोरून पिण्याचं सगळे हसून टाळतायत असं दिसलं, तर मग इमर्जन्सीत येऊन गेलेला माणूस शोधायचा, किंवा बायकोलाच विचारायचं. म्हणजे एथिक्स कमिटीच्या अर्जात आधीच लिहावं लागतं की अंदाजे वीस ते तीस जण, पेशंट आणि नातेवाईक दोन्ही, निवड टप्प्याटप्प्याने. तसं न लिहिता नंतर बायकोचा इंटरव्ह्यू घेतला तर परत परवानगी. एमएस्सीला डेटा कलेक्शनला महिना-दीड महिना मिळतो, त्यात हे बसवणं फार अवघड. पीएचडीवाल्यांनी खुशाल घ्यावी.

एथ्नोग्राफी आणि केस स्टडी

एथ्नोग्राफीचा प्रश्न एका माणसाचा नसून त्या जागेचा किंवा त्या लोकांचा असतो. डायलिसिस युनिटमध्ये मंगळ-गुरू-शनीची बॅच म्हणजे एक गावच असतं. खुर्च्या ठरलेल्या, बाहेरच्या बाकावर नातेवाईकांचे डबे, मशीनने आज अंगातलं किती किलो पाणी काढलं याची एकमेकांत चौकशी, नवीन आला की जुने त्याला शिकवणार, आणि एखादी खुर्ची रिकामी दिसली तर कुणी काही विचारत नाही. हे इंटरव्ह्यूत सापडत नाही, बसून बघावं लागतं, महिनोनमहिने. मॅडेलीन लेनिंजर, नर्स आणि मानववंशशास्त्रज्ञ दोन्ही, ती १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पापुआ न्यू गिनीत गॅडसप लोकांत जाऊन राहिली आणि त्यातून ट्रान्सकल्चरल नर्सिंगचं काम आणि एथ्नोनर्सिंगची पद्धत उभी राहिली. आपल्याकडे पेठ, सुरगाण्याच्या पाड्यांवर बाळंतपणाच्या रीतींवर अभ्यास करायचा म्हणून दरवर्षी कुणीतरी एथ्नोग्राफी लिहितं आणि दोन रविवारी जीप करून जाऊन येतं. दोन रविवारात तिथल्या म्हाताऱ्या तुम्हाला फक्त चहा पाजतील. वेळ कमी असेल आणि प्रश्न अगदी नेमका असेल तर फोकस्ड एथ्नोग्राफी म्हणून छोटा प्रकार आहे, तो ज्या जागेत तुम्ही आधीच वावरता तिथं जमतो.

केस स्टडीबद्दल फक्त एक गैरसमज काढते. फर्स्ट इयरपासून आपण जो केस स्टडी लिहितो, पेशंटची हिस्टरी, डायग्नोसिस, केअर प्लॅन, तो हा नव्हे. इथं केस म्हणजे हद्द घालून घेतलेली एक गोष्ट, एखादं युनिट, एखादा कार्यक्रम, आणि तिचा अभ्यास इंटरव्ह्यू, रजिस्टर, प्रत्यक्ष बघणं अशा अनेक अंगांनी. यिन आणि स्टेक ही दोन नावं वाचायची. नाशिककरांना याच्यासाठी सोन्यासारखी संधी म्हणजे २०२७चा सिंहस्थ. पर्वणीच्या दिवशी रामकुंडाजवळचं एखादं आरोग्य पथक कसं चालतं, नर्स काय काय निर्णय जागेवर घेते, याला जागेची, दिवसांची हद्द आपसूक आहे. पण परवानग्यांना आत्तापासून लागा.

नॅरेटिव्ह म्हणजे दोन-तीन माणसांची आयुष्याची गोष्ट सलग, ॲक्शन रिसर्च म्हणजे स्टाफसोबत मिळून काहीतरी बदलत बदलत शिकायचं. दोन्ही छान, पण नॅरेटिव्हला लिहिण्याचा हात लागतो आणि ॲक्शन रिसर्चला इन्चार्ज सिस्टर तुमच्या बाजूची लागते. दुसरं जास्त दुर्मिळ.

आणि हो, थीमॅटिक ॲनालिसिस हा अप्रोच नाही. ब्राउन आणि क्लार्कची २००६ची पद्धत ही डेटा हातात आल्यावर काय करायचं त्याची आहे, ती डिस्क्रिप्टिव्हसोबत चालते, इतरही ठिकाणी चालते. डिझाइनच्या रकान्यात ती लिहू नका.

कागदावर ठरलं, आता वॉर्डात

काही गोष्टी अप्रोच ठरवतानाच बघायच्या असतात, नंतर बघू म्हटलं की फसतो.

मशीनला जोडलेला माणूस चार तास कुठे जाऊ शकत नाही. त्याच्यासमोर रेकॉर्डर धरून तुम्ही सहभागी व्हाल का विचारणं म्हणजे खरं तर विचारणं नव्हेच. आदल्या वेळी विचारा, कागद घरी नेऊ द्या, आणि इंटरव्ह्यू शक्यतो मशीनवर नसताना घ्या. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं वाचून ठेवा, कमिटीचे प्रश्न सगळे त्यातूनच येतात.

युनिफॉर्म घालून जाऊ नका. युनिफॉर्ममध्ये विचारलं की "नाही नाही सिस्टर, सगळं मापात घेतो" हेच ऐकायला मिळणार, आणि स्वतःच्याच वॉर्डातल्या पेशंटचा तर शक्यतो घेऊच नका. फिनॉमिनॉलॉजी घेणार असाल तर ही अट म्हणजे अर्धं डिझर्टेशन आहे. डिस्क्रिप्टिव्हमध्ये थोडं चालून जातं.

भाषेचं बघा. कळवण-सुरगाण्याकडची कोकणी, बागलाण-मालेगावची अहिराणी, मालेगावातली उर्दू, ही तुम्हाला येते का? सोबत दुभाष्या घेऊन फिनॉमिनॉलॉजी करणं म्हणजे हातमोजे दोन-दोन चढवून नाडी बघणं. मग डिस्क्रिप्टिव्हच बरं. आणि मराठी येत असली तरी कोडिंग मराठीतच करा, इंग्रजीत फक्त शेवटी वापरायची वाक्यं आणा. "जीव घाबरतो", "कसंतरी होतं", "तोंडाला कोरड पडते पण मनाची जास्त" असली वाक्यं मी सरळ अँक्झायटी म्हणून भाषांतर करून टाकली होती. तिथंच माझा अभ्यास मेला.

किती जण घ्यायचे हे विचारलं की सगळे सॅच्युरेशन म्हणतात, म्हणजे नवीन काही निघेनासं झालं की थांबायचं. २००६ मध्ये गेस्ट आणि सहकाऱ्यांनी साठ इंटरव्ह्यूंचा डेटा तपासून दाखवलं की बहुतेक सगळे मुद्दे पहिल्या बारामध्येच येऊन गेले होते, तेव्हापासून बारा हा आकडा गणपतीच्या एकवीस मोदकांसारखा पक्का झालाय. पण ती माणसं बऱ्यापैकी एकसारखी होती आणि सगळ्यांना तेच प्रश्न विचारले होते. तुमच्याकडे एकीकडे सातपूरचा कंपनी कामगार आणि दुसरीकडे इगतपुरीची भातशेती करणारी बाई असेल तर बारावर थांबायचं काही कारण नाही.

पॅनेलमध्ये कुणीतरी रिलायबिलिटी किती आली विचारणारच. इंटरव्ह्यू गाइडला क्रॉनबॅक अल्फा (प्रश्नावलीतले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा) काढायचा नसतो, कृपा करून काढू नका, मी काढलेला बघितलाय. लिंकन आणि गुबा यांनी १९८५ मध्ये विश्वासार्हतेचे चार निकष मांडले ते सांगा, आणि नुसते नाव सांगू नका, तुम्ही काय केलं ते दाखवा. म्हणजे कोडिंगचा रस्ता कुणालाही मागे जाऊन तपासता येईल असा ठेवलाय, दुसऱ्या कुणी दोन ट्रान्सक्रिप्ट वाचून बघितली, रोजची डायरी आहे. शेवटी रिपोर्ट लिहिताना कोरेकची २००७ची बत्तीस मुद्द्यांची यादी घेऊन टिक करत जा, ती इंटरव्ह्यू आणि फोकस ग्रुप, म्हणजे गटचर्चा, यांच्यासाठीच आहे.

आणि ओळख. आपलं नाशिक वाढलंय म्हणतात पण डायलिसिसच्या बाबतीत अजून खेडंच आहे. "निफाड तालुक्यातले द्राक्षबागायतदार, वय ६१, शनिवारची बॅच" एवढं लिहिलं की अख्ख्या युनिटला कळतं कोण. वर मी काकांबद्दल लिहिलं त्यात पण गाव आणि एक-दोन गोष्टी बदलल्यात.

अजून ठरत नसेल तर सिनॉप्सिस द्यायच्या आधी दोन माणसांशी नुसत्या गप्पा मारा. परवानगीआधी डेटा म्हणून नाही, रेकॉर्डर नाही, वही नाही, ओळखीतल्या घरातले पण चालतील. मग घरी येऊन बघा की तुम्हाला परत काय विचारावंसं वाटतंय. "तेव्हा नेमकं कसं वाटलं" हे विचारावंसं वाटलं तर एक वाट, "मग पुढे काय केलं, मग पुढे" असं वाटलं तर दुसरी, "बाकीचे लोक पण असंच करतात का" असं वाटलं तर तिसरी, आणि "याला आपण काय मदत करू शकतो" एवढंच डोक्यात असलं तर डिस्क्रिप्टिव्ह, डोळे झाकून. मागच्या वर्षी एकीने हे करून बघितलं, तिचा टॉपिक रात्रपाळीच्या सिस्टर होता आणि टायटलमध्ये अर्थातच फिनॉमिनॉलॉजी होती. दोन सिस्टरांशी बोलून आली आणि म्हणाली, मॅडम मला तर फक्त हे जाणून घ्यायचंय की पहाटे चारला झोप आल्यावर त्या काय काय करतात. मग तिने टायटल बदललं, गाइड दोन दिवस नाराज होते, तिसऱ्या दिवशी सही केली.